कपाटाचं दार

«ताई, तुमचं सदर मी नेमाने वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहिते आहे. वय ६३. पोस्टात होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सिंहगड रस्त्याला फ्लॅट आहे, माझ्या पगारातून हप्ते फेडून घेतलेला, माझ्याच नावावर. मुलगा, सून आणि पहिलीतला नातू माझ्याजवळ राहतात.

माझ्या नवऱ्याने मला २६ वर्षं मारलं. माहेरी सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. अजूनही रात्री लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मला जाग येते.

गेलं वर्षभर मुलाच्या खोलीतून तेच आवाज येतात. भांडण चढलं की नातू हॉलमध्ये येऊन टीव्ही मोठा करतो. माझा मुलगा लहानपणी असाच रेडिओ मोठा करायचा. मागच्या आठवड्यात सुनेच्या दंडावर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, ‘आई, कपाटाचं दार लागलं.’ ताई, हे वाक्य माझं आहे. मीही हेच सांगायचे.

मी बोलू का? नवरा-बायकोच्या मध्ये पडले तर तिचेच हाल वाढतील. मुलगा तुटेल. पोलीस केस झाली तर सासू म्हणून माझंही नाव येईल. आणि कोणत्या तोंडाने बोलू? मी तर जन्मभर गप्प बसले. माझं मी कधी कोणाला सांगावं, की गेलेल्या माणसाबद्दल आता बोलू नये?

एक सासू»

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील बदलले आहेत.)

ताई,

तुमचं निळं आंतरदेशीय पत्र मी तीनदा वाचलं. बारीक, सरळ अक्षर, आणि ‘हे वाक्य माझं आहे’ इथे पेन इतकं दाबलेलं की मागच्या बाजूला उमटलंय.

बोला. हे उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. फक्त आधी कोणाशी, कुठे आणि कोणत्या शब्दांत, हे नीट ठरवून बोला. मुलाशी आधी नाही. सुनेशी.

एक गोष्ट सांगते. माझी मावशी कसबा पेठेतल्या एका वाड्यात राहायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे असायचे, नऊ-दहा वर्षांची असेन. वाड्याच्या भिंती अशा की शेजारच्याने कूस बदललेली कळावी. काका रात्री मारायचे ते सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जायचं. सकाळी नळावर रांग लागायची. मावशी कळशी घेऊन आली की बायका काही न बोलता तिला पुढे घ्यायच्या. कोणीतरी तिची भरलेली कळशी जिन्यापर्यंत नेऊन द्यायचं. आणि बोलणं सगळं कोथिंबिरीच्या जुडीचं, पापडाच्या उन्हाचं. त्या वागण्यात माया होती, मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. त्या बायकांना मी आजही वाईट म्हणणार नाही. पण बहात्तराव्या वर्षी तांदूळ निवडता निवडता मावशी मला म्हणाली, ‘‘मार विसरले गं मी. एका रात्री खाली येऊन समोरच्यांची कडी वाजवली होती. आत दिवा होता. तो त्यांनी विझवला.’’ एवढंच बोलली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं, खडे बघ म्हणून.

तुमच्या खोलीच्या दाराखालून रात्री उजेड दिसत असेल. तुमची सून तो बघत असणार.

‘कोणत्या तोंडाने बोलू’ असं तुम्ही विचारलंत. ज्या तोंडाने २६ वर्षं ‘कपाट लागलं’ सांगितलं, त्याच तोंडाने. तुमच्याइतकं तिचं म्हणणं ओळखणारं दुसरं कोण आहे त्या घरात? डॉक्टरला ते वाक्य पटेल, तिच्या मैत्रिणीला पटेल, तिच्या आईलाही पटेल. तुम्हाला पटणार नाही.

आणि एक ओझं आधी खाली ठेवा. मुलाचा हात उठतो तो तुमच्या गप्प बसण्यामुळे नाही. बापाने आईला मारलेलं बघत वाढलेल्या मुलांमध्ये पुढे हे होण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण अशाच घरांतून आलेले, कधी हात न उगारलेले पुरुषही मी कितीतरी पाहिले आहेत. तो जाणता आहे, नोकरी करतो, साहेबासमोर राग गिळतो. तो राग घरी येऊन कुठे काढायचा हे तो रोज निवडतो. ‘माझेच संस्कार कमी पडले’ असं म्हणत बसलात तर दोन गोष्टी होतील: तुम्ही खचाल, आणि त्याची जबाबदारी तुमच्या पदरात जाऊन बसेल. ती त्याची आहे, त्याच्याकडेच राहू द्या.

आता सुनेशी बोलण्याचं. घरात मुलगा असताना नको, फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. अशा घरात बायकोचा फोन बघितला जातो. नातवाला शाळेत सोडून येताना, मंडईला जाताना, दुपारी मेथी निवडताना. हातात काम असलेलं बरं, डोळ्याला डोळा भिडवून बोलावं लागत नाही. आणि लांबण लावू नका. मी तुमच्या जागी असते तर एवढंच म्हटलं असतं: ‘‘काल रात्रीचं मी ऐकलं. ते कपाटाचं दार नव्हतं. मलाही कपाटाची दारं खूप वर्षं लागली आहेत.’’

मग थांबा. तुमच्या पिढीला आणि माझ्याही पिढीला हे थांबणं जमत नाही, शांतता पडली की आपण लगेच काहीतरी भरायला जातो. ‘तो मनाने चांगला आहे गं’, ‘ऑफिसात त्रास आहे त्याला’, ‘मी सोसलंच ना, होतं सगळं नीट’. यातलं एकही वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ‘तू उलट बोलत जाऊ नकोस’ हे तर मुळीच नाही. आणि ‘सोडून जा त्याला’ हेही नको. राहायचं की जायचं हे तिचं तिने ठरवायचं आहे. आजवर घरात तिचं सगळं दुसऱ्याने ठरवलंय, त्यात तुम्ही आणखी एक होऊ नका.

ती नाकारेल, असं धरून चाला. पहिल्या खेपेला बहुतेक जणी नाकारतात. तिच्या लेखी तुम्ही त्याची आई आहात, बोललेलं त्याच्या कानावर जाईल असं तिला वाटणारच. तेव्हा मागे लागू नका. ‘‘माझ्या खोलीची कडी आजपासून रात्री लावणार नाही,’’ इतकं सांगा आणि खरंच लावू नका. कदाचित ती चिडेल. ‘‘वर्षभर कुठे होतात?’’ म्हणेल. ताई, हा प्रश्न ऐकून घ्या. स्वतःची बाजू मांडू नका. ‘‘घाबरले होते’’ हे उत्तर खरं असेल तर तेच द्या.

ती बोलायला लागली तर दोन-तीन गोष्टी हळूच विचारून घ्या, कारण त्यावर जीव अवलंबून असू शकतो. गळा दाबला आहे का? हे पहिलं विचारा. गळ्यावर वळ उठला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. जीवे मारण्याची धमकी दिली आहे का, सुरी किंवा आणखी काही हातात घेतलं आहे का, मार वाढत चालला आहे का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर ‘बघू, दिवाळी होऊ दे’ असं म्हणायची वेळ गेली. आणि हेही लक्षात ठेवा, बाई घर सोडायचं ठरवते तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणून तो बेत त्याच्या कानावर आधी जाता कामा नये. रागाच्या भरात ‘‘मी जातेच आता’’ असं म्हणून नव्हे, तर गुपचूप तयारी करून निघायचं.

तयारी तुमच्या कपाटात करता येईल. तिचं आधार कार्ड, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, थोडे पैसे, घराची जास्तीची किल्ली, सगळं एका पिशवीत तुमच्या साड्यांखाली. मुलगा आईच्या साड्या उचकत नाही. दोघींमध्ये एक परवलीचं वाक्य ठरवा. ‘‘आई, दळण आणायचं राहिलं’’ असं रात्री ऐकू आलं की तुम्ही नातवाला घेऊन बाहेर पडायचं आणि जिन्यातून पोलिसांचा ११२ लावायचा. तुम्ही मध्ये जाऊन उभ्या राहू नका. ६३ व्या वर्षी एका धक्क्याने खुब्याचं हाड मोडतं. मदतीला शेजारचं एखादं घर लागेल. सोसायटीत अशी एक बाई नक्की असते जिला सगळं माहीत असतं आणि जी विचारायची वाट बघत असते. तिला विश्वासात घ्या, पण सुनेला विचारून.

तारीख-वार एका वहीत लिहायला तिला सांगा, वही तुमच्याकडे ठेवा. वळाचा फोटो काढला तर तो तिच्या फोनमध्ये राहू देऊ नका. आणि दवाखान्यात कपाटाचं नाव घ्यायचं नाही. ‘‘नवऱ्याने मारलं’’ असं सांगितलं तर केसपेपरवर तसं लिहिलं जातं. मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची इजा, म्हणून नोंद झाली तर तिची प्रतही मागता येते. पुढे कोर्टात हा कागद उपयोगी पडतो.

कायद्याचं सांगते, कारण तुमची अर्धी भीती तिथली आहे.

घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात फक्त मार येत नाही. शिव्या, अपमान, धमक्या, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, बळजबरीचा संबंध, हे सगळं त्यात हिंसा म्हणून लिहिलेलं आहे. या कायद्याखाली तिला घर न सोडता संरक्षण मागता येतं. त्याने मारहाण करू नये, त्याने त्या घरातून बाहेर राहावं, मुलाचा ताबा तिच्याकडे असावा, खर्चाला पैसे द्यावेत, असे आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. शिवाजीनगरच्या कोर्टात बसून पाहिलंय मी, तारखा लांबतात. म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच अर्जात मागायचा, वकिलाला तशी आठवण करून द्यायची.

फ्लॅट तुमच्या नावावर आहे, याचा तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर असलं तरी सून तिथे नांदत असेल तर तिला राहण्याचा हक्क मागता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या बाबतीत तर कोर्टात भांडावंही लागू नये. घराची मालकीणच म्हणते आहे की सून आणि नातू इथेच राहतील. किती बायकांना मारापेक्षा ‘जाऊ कुठे’ या प्रश्नाने जखडलेलं मी पाहिलं आहे. त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे, आणि ते तुम्ही स्वतःच्या कमाईने मिळवलेलं आहे.

तुमचं नाव येईल का? क्रूरतेचं जुनं ४९८-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. त्यात नवऱ्याच्या नातेवाइकांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे खरं. पण नाव आलं की लगेच बेड्या, असं नाही. अशा गुन्ह्यांत कारण लिहिल्याशिवाय सरसकट अटक करू नये, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच बजावलं आहे. आणि मुळात तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहणार आहात. या कलमाखाली तक्रार ती स्वतः देऊ शकते, तशीच तिच्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातलं माणूसही देऊ शकतं. सासू हे लग्नाचंच नातं आहे. २००५ च्या कायद्यात तर त्याहून पुढे जाऊन म्हटलं आहे की हिंसा होते आहे असं ज्याला वाटतं त्या कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवता येतं, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. हे सगळं तिला विचारून करायचं. अपवाद एकच, जीव धोक्यात असेल तेव्हा. तेव्हा विचारत बसू नका.

पुण्यात जायचं कुठे? महिला मदत क्रमांक १८१. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तिला पगार असला तरी मिळतो. त्यांचा फोन १५१००. पुणे पोलिसांचा भरोसा सेल, बायकांच्या तक्रारी ऐकून घेणारा कक्ष, २०१९ पासून आहे, थेट चौकीत जायचं धाडस होत नसेल तर तिथून सुरुवात करता येते. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवते. पोलीस ठाण्यात ‘एनसी’ लिहून परत पाठवलं जातं, असं वारंवार घडतं. एनसी म्हणजे नुसती नोंद, तपास त्यात होत नाही. एफआयआर हवी असं स्पष्ट म्हणायचं, हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी ती घ्यावी लागते, आणि तिची प्रत फुकट मिळते. तसंच समुपदेशनाला गेल्यावर ‘समझोता करून टाका’ असं सुचवलं गेलं तर नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. मी स्वतः वर्षानुवर्षं समुपदेशनाच्या खुर्चीत बसले आहे, म्हणून अधिकाराने सांगते: ज्या समझोत्यात मार थांबण्याची हमी नाही, तो करायला लावणाऱ्यांनी घाई केलेली असते, आणि ती बाईला महागात पडते.

मुलाशी बोलण्याची वेळ सुनेने ठरवू द्या. ती ‘आत्ता नको’ म्हणाली तर नाही बोलायचं. बोलाल तेव्हा सकाळी, तो शुद्धीत आणि शांत असताना, शक्यतो तुमचा भाऊ किंवा वडीलधारं कोणी घरात असताना. ‘‘तिने सांगितलं’’ हे शब्द येऊ देऊ नका, त्याची किंमत रात्री ती मोजेल. ‘‘मी ऐकते’’ म्हणा. ‘‘या घरात बाईवर हात उचललेला मी पुन्हा चालवून घेणार नाही. थांबला नाहीस तर तुला दुसरीकडे राहावं लागेल.’’ शपथा घालू नका, रडून आर्जवं करू नका, आजारी पडण्याची भीती घालू नका. आणि दारूला दोष देऊन त्याला वाट करून देऊ नका. दारू सुटते आणि हात तसाच राहतो, अशी घरं मला माहीत आहेत. मदत घ्यायला तो स्वतःहून तयार झाला तर उत्तम, पण त्याच्या सुधारण्याची वाट बघत सुनेने तिथेच थांबायचं, असा हिशोब मांडू नका.

रेडिओची आठवण त्याला द्यावी का? द्या. ‘‘तू रेडिओ मोठा करायचास, तुझा मुलगा टीव्ही मोठा करतो,’’ एवढंच. याने तो वितळेल असं मी सांगत नाही. भडकेलही. तुटेलही कदाचित, काही महिने, काही वर्षं. ही भीती खोटी आहे असं म्हणून तुमची समजूत काढणार नाही. पण आज तो तुमच्याशी जोडलेला आहे तो कशाच्या जोरावर, हे तुम्हीच ओळखलं आहे, म्हणून तर पत्र लिहिलंत.

नातवाकडे मात्र आजच लक्ष द्या, त्यासाठी कोणाची परवानगी नको. सहा वर्षांचं पोर रिमोट घेऊन घरातला आवाज झाकतंय. त्याला जवळ घेऊन सांगा की मला पण तो आवाज येतो, तुला भीती वाटते ते बरोबर आहे, आणि यात तुझी काही चूक नाही. मुलांना वाटतं आपण दूध सांडलं म्हणून हे झालं. पुढच्या वेळी टीव्हीकडे न जाता माझ्या खोलीत ये, असं सांगा. आईला वाचवायला मध्ये पडू नकोस, हेही सांगा.

आता तुमचं. तुमच्या पत्रात स्वतःसाठी अडीच ओळी आहेत, आणि त्यातलीही एक लिफ्टची.

लिफ्टच्या आवाजाने जाग येणं हा तुमचा भित्रेपणा नाही. शरीराने २६ वर्षं पहारा दिला, पंधरा वर्षांपूर्वी त्याला कोणी सांगितलंच नाही की पहारा उठवला आहे. हे बोलल्याने हलकं होतं, एका दिवसात नाही, पण होतं. मनाच्या मदतीसाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६. मराठीतही बोलता येतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात, म्हणून तुम्ही अडखळलात. पण तुम्ही त्यांच्याबद्दल बोलणार नाही आहात, तुमच्याबद्दल बोलणार आहात. तुमच्या हाडांना जे झालं ते तुमचं आहे, ते त्यांच्याबरोबर गेलं नाही. भिंतीवरचा फोटो काढा असं मी म्हणत नाही. सगळ्या नातेवाइकांना गोळा करून सांगा असंही नाही. एका माणसाला सांगितलं तरी पुरे. मला वाटतं ते माणूस तुमच्या घरात मेथी निवडत बसलेलं आहे.

एकट्या गप्प बसलात असंही समजू नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांना विचारलं होतं. मदत मागितलेल्या १४ टक्के. मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही, अशा ७७ टक्के. म्हणजे पोस्टाच्या काउंटरसमोर उभ्या राहणाऱ्या बायकांमध्येही तुमच्यासारख्या किती असतील, आणि त्या तुमच्याकडे बघून तुम्हाला सुखी समजत असतील. याच पुण्यात १९८२ साली दोन तरुण विवाहितांचे मृत्यू गाजले, तेव्हा विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. पुढे बायकांना येऊन मन मोकळं करता यावं म्हणून त्यांनी जे केंद्र काढलं त्याचं नावच ‘बोलते व्हा’ असं ठेवलं. ‘सहन करा’ हे ऐकून मोठ्या झालेल्या बायकांना ते दोन शब्द काय वाटले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. तेव्हा तुम्ही विशीत होतात. कोणी तुम्हाला तिथवर नेलं नाही, याचं मला आज, हे लिहिताना, मनापासून वाईट वाटतं आहे.

मुलगा कामावर गेला की घरात दोघीच असाल, असा एखादा दिवस या आठवड्यात येईल. भाजी जास्तीची आणा.

मला पुन्हा लिहायचं झालं तर असंच पत्रानेच लिहा, घरातल्या फोनवरून नको. हा अंक घरी उघडा ठेवू नका. ११२ आणि १८१ हे दोन आकडे तेवढे पाठ करा, सुनेकडूनही करून घ्या, आणि पिशवीत घराची किल्ली ठेवायला विसरू नका.

तुमची,
ताई